भिंतीपलीकडचा पाऊस

आमच्या धाकट्या सुनेला बंद दार बंद ठेवता येत नाही. ब्रश बनवणाऱ्याची मुलगी, बकरीचा एकेक केस वेचून लावणाऱ्या घरातली, म्हणून मी तिला पसंत केली होती. म्हटलं, हाताला आणि तोंडाला वळण असेल. कसलं काय! रुइजू चालते म्हशीसारखी, हसली की कालव्यातली बदकं उडतात. आणि या वसंतात तिनं जे केलं, ते शन घराण्यातल्या कुठल्याच सुनेनं आजवर केलं नव्हतं. तिनं बाळांच्या महिन्यात दार उघडलं.

बाळं म्हणजे आमचे रेशीमकिडे. किडे म्हणायचं नाही, त्यांना ऐकू जातं. अंड्यांचा कागद घरातली मोठी बाई छातीशी बांधून हिंडते आणि तिच्या अंगाच्या उबेनं बाळं बाहेर येतात. या घरात तो मान माझा, माझ्याआधी माझ्या सासूचा. बाळं आली की दारावर लाल कागद लागतो आणि मग कोष होईपर्यंत कुणी कुणाच्या घरी पाऊल टाकत नाही. सारा वसूल करणारा कारकून एरवी चुलीपर्यंत घुसतो, पण लाल कागद दिसला की तोसुद्धा धक्क्यावरूनच होडी वळवतो. मासा तळायचा नाही, आदळआपट नाही, रडणं नाही. राजधानीत सम्राज्ञी दर वसंतात स्वतः तुतीची पानं खुडते म्हणे. खुडू दे बापडी. पण सम्राटाच्या अंगरख्यावर ड्रॅगन ज्या धाग्यानं उमटतो, तो धागा आमच्या हूचौ भागातल्या बायकांच्या बोटांतूनच जातो. मी तो अंगरखा पाहिलेला नाही, पण ज्यानं घातला असेल त्याला मी ओळखते असंच मला वाटतं.

यंदा बाळांची मोठी झोप, म्हणजे शेवटची कात टाकायची झोप, संपली आणि नेमका तेव्हाच पाऊस लागला. या झोपेतून उठलेली बाळं अशी खातात की त्यांच्या बांबूच्या डाल्यांमधून सरी कोसळल्याचा आवाज येतो. ओलं पान घातलं तर बाळं हगवणीनं मरतात, म्हणून आम्ही सगळ्या एकेक पान फडक्यानं पुसत बसलो होतो. पानांची भरलेली होडी घेऊन माझा धाकटा मुलगा यायचा होता, तोही पावसात कुठे अडकला कोण जाणे. घरात पानं बेताचीच उरली होती.

रुइजू सामाईक भिंतीला टेकून पुसत होती. पलीकडे थाओबाईंचं घर. बाई एकटी, मूलबाळ नाही, पण तिचे कोष आमच्याहून पांढरे निघतात. हे मी इथे सांगतेय, तिच्या तोंडावर कधी सांगितलेलं नाही.

"आई," रुइजू कुजबुजली, "भिंतीपलीकडचा पाऊस थांबलाय."

"म्हणजे?"

"थाओकाकूंची बाळं खात नाहीयेत. सकाळी आवाज होता. आता काहीच नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "दुसऱ्याच्या बाळांकडे कान लावतेस? दृष्ट लागली म्हणजे? आणि शांत आहेत तर शिक काहीतरी! याला म्हणतात शिस्तीचं घर. नाहीतर तू, पान पुसतेस की भांडी घासतेस तेच कळत नाही."

थोरली सून फडक्याआड हसली. रुइजूनं पुढचं पान उचललं. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी बाळांना बघायला उठले तर दार अर्धं उघडं. लाल कागद मधोमध फाटलेला. पुसून ठेवलेल्या पानांच्या दोन टोपल्या नाहीत. आणि चिखलात पावलं, आमच्या उंबऱ्यापासून थेट थाओबाईंच्या दारापर्यंत. मोठी मोठी, फेंगडी पावलं. कुणाची ते विचारायची गरजच नव्हती.

मी उंबऱ्यावर थांबले. आयुष्यात या महिन्यात मी तो ओलांडलेला नाही. थोरली मागून आली आणि तिनं कपाळावर हात मारला. "आई, आता आपली बाळं गेली! दुसऱ्याच्या घरातली हवा लागली! तिला आजच होडीत बसवून माहेरी धाडा, नाहीतर उद्या डाल्या कालव्यात ओताव्या लागतील."

"धाडते," मी म्हटलं. आणि ते मी मनापासून म्हटलं होतं.

तेवढ्यात थाओबाईंचं दार उघडलं आणि रुइजू बाहेर आली. कोपरापर्यंत हात हिरवे, केस सुटलेले.

आता भांडण व्हायला हवं होतं, पण आमच्यात या महिन्यात भांडणसुद्धा कुजबुजूनच करावं लागतं. दोन दारांत दोन बायका, मध्ये पाऊस, आणि आम्ही वाफ दाबलेल्या मडक्यांसारख्या फुसफुसत होतो.

"निर्लज्ज! कुणाला विचारून गेलीस?"

"कुणालाच नाही, आई."

"फाडलास कागद! माझ्या सासूच्या वेळेपासून एकही फाटला नव्हता!"

"काकू तापानं फणफणल्यात. कालपासून पडून आहेत, पाण्याचा घोटसुद्धा नाही पोटात. मी पाजलं." मग तिचा आवाज आणखी बारीक झाला. "आई, बाळांनी माना वर केल्या होत्या. सगळ्यांनी. डालीच्या काठावर येऊन, माना उंच करून, नुसती हलवत होती. काहीच नव्हतं हो त्यांच्यापुढे."

उपाशी बाळ मान वर करतं. ते बघितलेली बाई पुढे बरेच दिवस नीट जेवू शकत नाही. मी लहानपणी एकदा बघितलंय.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मोठ्या झोपेनंतर कुठल्याही शिस्तीच्या घरात शांतता नसते. शांतता म्हणजे मरण. आणि मी तिला त्याच शांततेचा धडा दिला होता. गावातल्या प्रत्येक बाईनं थाओबाईंच्या दारावरचा लाल कागद पाहून आदरानं मान खाली घातली असती, आणि महिना सरल्यावर आम्ही सगळ्या मिळून थाओबाईंना पुरायला गेलो असतो.

"आई, तिला आत घेऊ नका हं," थोरली म्हणाली.

"तू मागच्या ओळीतल्या डाल्यांना पानं अर्धी घाल," मी तिला म्हटलं.

"आपल्याच बाळांना?"

"आपल्याच. आणि आलं घातलेली पेज टाक. मऊ."

मी हात धुतले, धुतलेला अंगरखा आणि कोरडे जोडे घातले, उरलेल्यांतली एक टोपली उचलली आणि उंबरा ओलांडला. 

थाओबाईंनी डोळे उघडले तेव्हा मी त्यांच्या बाळांवर पानं पसरत होते. तापातसुद्धा त्यांची जीभ शाबूत होती. "शनबाई, तुम्ही? माझे कोष बघून जळायला एवढ्या लांब आलात?"

"गप्प पडा. पानं आमची आहेत. कोष पांढरे निघाले तर निम्मा पांढरेपणा आमचा."

त्यांच्या जमिनीलगतच्या डाल्या वाचल्या नाहीत. वरच्या वाचल्या. रुइजू दोन्ही घरांत पानं पुसत राहिली. इतकी हळू पुसते, पण तिच्या हातचं एकही पान ओलं निघालं नाही, हे मला कबूल करावंच लागेल. धाकट्याची पानांची होडी आली तेव्हा आमच्या मागच्या ओळीतली बाळं उन्हात वाळलेल्या शेंगांसारखी झाली होती. त्यांचे कोष पातळ, चिमुकले निघाले. बाकीचे नेहमीसारखे, म्हणजे उत्तम. हवा लागून कुणी मेलं नाही.

मग लाल कागद निघाले, दारं उघडली, आणि रिवाजाप्रमाणे शेजारणी एकमेकींची बाळं कशी झाली ते विचारायला निघाल्या. सगळ्यांत आधी आल्या थाओबाई. गालफडं बसलेली, हातात पानांत बांधून उकडलेला भात आणि पिवळा मासा. माझ्या हातात दोन्ही ठेवत त्या म्हणाल्या, "तुमची धाकटी माहेरी जाणार असं गावात ऐकलं. तुम्हाला नको असेल तर मला द्या. मला सून नाही."

अख्खं अंगण कान टवकारून उभं. थोरली पुढे सरकली. रुइजू चुलीपाशी खाली मान घालून राखेत काटकी फिरवत होती. तिला माहेरी धाडायचा निर्णय मी तोंडानं अजून मागे घेतलेला नव्हता, आणि ती रोज सकाळी आपलं बोचकं बांधून ठेवत होती, हे मला ठाऊक होतं.

"इकडे ये," मी म्हटलं. मोठ्यानं. महिना संपला होता, आता ओरडायची मुभा होती.

ती आली.

"ऐक. विचारल्याशिवाय घराचं दार उघडलंस, त्यासाठी ड्रॅगन-होड्यांच्या सणापर्यंत सगळी भांडी तू घासायचीस, आणि थोरलीनं त्यातली खरकटी शोधायची. चालणं सुधार, माझ्या छपराची कौलं हलतात. माहेरी जायचं असेल तर नववर्षाला, नवऱ्याबरोबर, भेटी घेऊन जा. आणि थाओबाईंना सांग, सून हवी असेल तर आधी मुलगा शोधा. पुढच्या वसंतात अंड्यांचा कागद तू छातीशी बांधायचास. रडू नकोस गं, बाळं गेली असली तरी कोष ऐकतात."