भाता थांबला की

भागोजीने तापलेला कोयता पाण्यात बुडवला. चर्र झालं आणि मागोमाग टक् असा आवाज आला. बाहेर काढला, तर धारेपासून पाठीपर्यंत चीर गेलेली.

भट्टीत वारा घालणारा विजेचा पंखा तसाच फिरत होता. बायको प्रयागबाई वारल्यावर भाता ओढायला कुणी उरलं नाही, म्हणून सून स्नेहल तो महाडहून घेऊन आली होती. भागोजी त्याच्याकडे बघत राहिला. बायको भाता ओढता ओढता मध्येच थांबायची. ती थांबली की तो लोखंड पाण्यात घालायचा. ती दमून थांबते, असंच त्याला आयुष्यभर वाटत आलं. आज त्याला कळलं, लोखंडाचा रंग ती बघत होती आणि तो बरोबर आला की थांबत होती. पाणी ती देत होती, तो नुसता बुडवत होता.

मग त्याला आठवलं. या पंख्यावर केलेली एक सुरी बाहेर गेली होती. तुडीलच्या सईदकडे, कुर्बानीसाठी. ईद उद्यावर आली होती.

“काय झालं, आबा?” स्नेहलने विचारलं.

“तुडीलला जातो.”

“जेवून तरी जा.”

तो निघालाही होता.

एसटीत त्याला बसवेना. पाणी चुकलेली सुरी वरून कळत नाही. धार चांगली लागते आणि जोर पडला की तुटते. जनावर पाय झाडतंय, निम्मं पातं मानेत आणि मूठ सईदच्या हातात, हेच त्याला दिसत राहिलं.

सईद अंगणात ट्रक धूत होता.

“सुरी परत दे, सईद.”

“वा दादा! दिलेली सुरी न्यायला आलेला लोहार पहिल्यांदाच बघतोय. दुसरं गिऱ्हाईक मिळालं काय?”

“नाय रे. भरवसा नाय तिचा.”

“मग उद्या काय नखांनी कापू?”

सईदची आई अमिरुन्निसा आत जाऊन सुरी घेऊन आली. जनावराच्या नजरेला पडू नये म्हणून ती फडक्यात गुंडाळलेली होती.

“हिला प्रयागबाईचं पाणी नाय ना?”

भागोजीने चमकून वर पाहिलं. “तुला कोणी सांगितलं, भाभी?”

“सांगायला कशाला पायजे? मी बसायची ना तुझ्या भट्टीवर. ती भाता थांबवेपर्यंत तू माझ्याशी गप्पा हाणायचास.”

सईद हसला. आईने बघितल्यावर पुन्हा ट्रककडे वळला.

तिने आतून जुनी सुरी आणली. घासून घासून अरुंद झाली होती, म्हणूनच नवी सांगितली होती.

“ही तिच्या हातची. हिला धार लाव. जपून, थोडीच उरलीय.”

भागोजी उकिडवा बसला. दगडावर पाणी शिंपडून तो हळूहळू घासू लागला. प्रत्येक फेऱ्यात पाण्यावर काळपट गाळ उतरत होता. त्याने हात आणखी हलका केला.

नवी सुरी त्याने पिशवीत घालून घरी आणली. ती पुन्हा तापवून, रंग स्वतः बघून तिला पाणी द्यायचं आहे. भट्टी त्याने अजून पेटवलेली नाही.