कार्बनचा उजेड

"अंधारच दाखवाचा होता तं तिकीट कायले फाडलं? घरी कंदील इझवून बसलो असतो की आमी!"

इंटरव्हलमध्ये केशवराव चहाच्या गाड्यापाशी उभे राहून बोलत होते, पण त्यांची मान होती वर, ऑपरेटरच्या खोलीकडे. केशवराव जिनिंगमध्ये कापूस पारखत. खोट शोधणं हा त्यांचा धंदाच. कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतली ओल काढावी, तसे ते भेटेल त्या माणसात हात घालून बघत. अख्ख्या भैंसा गावात सिनेमाचं वेड म्हणाल तर त्यांच्याएवढं दुसऱ्या कोणाला नव्हतं. असलंच तर रामाजी मास्तरांना.

"केशवराव, जुना पिक्चर दुपारच्या उन्हातला होता," मास्तर बशीत चहा ओतत म्हणाले. "आभाळ पांढरंफेक, घोड्याची सावली सुद्धा मोजून घ्या. हा नवा काढनाऱ्यानं गोष्ट तीच घेतली, पन उजेड बदलला. घरात एक खिडकी हाय ना, मंग त्या खिडकीतून येते तेवढाच उजेड. कॅमेरावाल्यानं मुद्दाम तसं घेतलं."

"मुद्दाम कोनी अंधार विकते काय, मास्तर? हिरोचं तोंड दिसत नाई, निस्ती टोपी दिसते! गोळी कोनाले लागली तेच समजलं नाई मले."

"जे मरते त्यालेच कुठं समजते?"

लोक हसले. केशवराव हसले नाहीत. "कॅमेरावाला तिकडं सातासमुद्रापार. आपला वरचा पाहा ना. मशीनच्या दिव्यात जाळाच्या कार्बनच्या कांड्या वाचवून राह्यला तो. मंद जाळाचं अन् उरलेले भंगारात घालाचे. तांब्याचा लेप असते त्याच्यावर."

बायकांच्या दारापाशी स्टुलावर बसलेल्या बयनाबाईनं मांडीवरची बॅटरी घट्ट धरली. वरचा तो तिचा नवरा होता. महिपत. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हापासून तो त्या खोलीत मशीन चालवत होता आणि ती खाली बायकांचं दार सांभाळत होती. एरवी कोणी असं बोललं असतं तर तिनं तिथल्या तिथं त्याला फाडून खाल्लं असतं. आज ती स्टुलावरच बसून राहिली. कारण तोच संशय गेला महिनाभर तिच्याही मनात घर करून होता.

आधी घरातला तो बल्ब. "हा बल्ब मंद झाला, मोठा आन," म्हणून त्यानं चांगला चालता बल्ब काढायला लावला. मोठा आणला, तर चार दिवसांनी म्हणे तोही मंद! साधं डाळीला तेल जास्त पडलं तर बोलणारा माणूस, एकाएकी एवढा दिलदार कशानं झाला? मग ती पिशवी. ज्वारीच्या कणगीमागे कोंबलेली, वर फडकं. आत कार्बनच्या कांड्यांचे जळून उरलेले तुकडे, मूठ मूठ. पूर्वी हे तुकडे वर खोलीतल्याच डब्यात पडून असत. आता घरी लपवायचं कारण? बयनाबाईनं फडकं होतं तसं झाकलं आणि काही विचारलं नाही. विचारलं असतं आणि तो खोटं बोलला असता, तर पुढं त्याच्या ताटात भाकर कशी वाढायची, हे तिला सुचत नव्हतं.

"महिपत!" थिएटरचे मालक यशवंतराव बाहेर आले. घरोघर केबलच्या तारा ओढल्यापासून त्यांचा आवाज वरच्या पट्टीतच असे. "खाली ये. लोक काय म्हनून राह्यले, आयकतो का?"

महिपत लोखंडी शिडीवरून उतरला. प्रत्येक पायरी आधी पायानं चाचपून मग अंग सोडत होता. घाबरला वाटतं, बयनाबाईच्या मनात आलं.

"महिन्याची कार्बनची पेटी महिना भराच्या आत सरते. मले वाटे, जास्त जाळून राह्यला आसशील. अन् इथं पब्लिक म्हनते उजेड नाई! मंग कार्बन जाते कुठं? दोन्ही गोष्टी कशा खऱ्या, सांग बरं."

"कार्बन पुरा जळते, मालक."

"पुरा जळते तं तुकडे कुठं हायेत? डबा तं रिकामा दिसला मले."

महिपतनं मान वळवून बयनाबाईकडे पाहिलं. तिनं नजर फिरवली. एवढी एक नजर फिरवली तिनं, पण केशवरावांनी ती टिपली आणि मिशीत हसले.

रामाजी मास्तर मध्ये पडले. "यशवंतराव, भांडता कायले? जुन्या पिक्चरचा जाहिरातीचा तुकडा पडला आसन ना वर? तो चालवा. मशीन तेच, कार्बन तोच. तोही काळा दिसला तं ऑपरेटरचा कसूर. लख्ख दिसला तं नव्याचा कॅमेरावालाच तसा."

"अन् काळा दिसला तं?" केशवरावांनी मालकांना विचारलं.

"तं आजपासून दुसरा मानूस पाहीन मी," यशवंतराव म्हणाले.

महिपत शिडी चढून गेला. सगळे आत गेले. बयनाबाई दारातच उभी राहिली, पडद्याकडे पाहत नव्हती, उजेड येतो त्या वरच्या भोकाकडे पाहत होती. तिनं देवाला मागितलंही, पण काय मागितलं ते तिचं तिलाच नीट कळलं नाही. चोर निघू नये, की पकडला जाऊ नये?

घरघर सुरू झाली आणि थिएटरात भर दुपार फुटली.

पडद्यावरचं आभाळ असं पेटलं की पहिल्या रांगेतल्या पोरांनी हात डोळ्यांवर घेतले. घोडा, माळ, टोपीवाला, सगळं चुन्यासारखं पांढरं. "आरं बंद कर, डोळे फुटतीन!" केशवरावच ओरडले. मास्तर टाळ्या वाजवत म्हणाले, "पाहा! म्हनलं होतं ना? नव्यात अंधार घेतलेलाच हाय!"

बयनाबाईचं काळीज हलकं झालं. पण लगेच तिच्या ध्यानात आलं, आभाळ अजून पांढरं होत चाललंय. आता माळ दिसेना, घोडाही दिसेना. एवढा उजेड कशाला?

ती शिडी चढून वर गेली.

खोली भट्टीसारखी तापली होती. महिपत एक डोळा भोकाला लावून वाकला होता आणि उजव्या हातानं दिव्याची कळ फिरवत होता. पुढे, अजून पुढे. जाळीतून कांड्या दिसत होत्या, उदबत्तीसारख्या भराभर खाली येणाऱ्या.

"बयना, तू हायेस का?" त्यानं मागे न बघता विचारलं. चालीवरून ओळखलं होतं. "आता तरी दिसून राह्यलं का त्याइले?"

खाली लोक डोळे झाकून बसले होते.

कणगीमागची पिशवी बयनाबाईच्या डोळ्यांसमोर आली. विकायला नव्हे, किती जाळले ते मालकांना मोजता येऊ नये म्हणून लपवलेले तुकडे. आणि तो बल्ब. आणि पायानं चाचपलेल्या पायऱ्या. उजेड कमी झाला नव्हता, त्याची नजर कमी झाली होती.

"दिसून राह्यलं," ती म्हणाली. "लई चांगलं दिसून राह्यलं. बंद करा आता."

शिडीखालून यशवंतरावांचा आवाज आला. "उजेडाचं झालं. पन कार्बनचं काय? लवकर काऊन सरते, ते सांग!"

महिपतनं तोंड उघडलं. तो काय सांगणार होता कोण जाणे. बयनाबाई दारात जाऊन वाकली. "मालक, ह्या खेपीचा माल ओलसर आला. तडतड करते, लवकर जळते. तुकडे वाळवाले मीनंच घरी नेले. पुढची पेटी पुरंन, पाहा तुमी."

"मंग बोलाचं ना आधी!" यशवंतराव पुटपुटत गेले. ओल म्हटल्यावर केशवरावांनीही मान डोलावली. ओल त्यांना पटली.

"माल ओला नव्हता, बयना," महिपत हळूच म्हणाला.

"मले मालूम हाय."

"कधीपासून?"

"आत्ताच. अन् तुमाले?"

महिपतनं गळ्यातल्या फडक्यानं डोळे पुसले, कितीही पुसलं तरी काचेवरचं धुकं निघत नाही तसे. मग सवयीच्या हातांनी, न बघता, उरलेल्या पिक्चरचं रीळ लावलं.

बयनाबाई दुसऱ्या भोकाशी उभी राहिली. खाली बायकांचं दार मोकळंच होतं.

"काय दिसते?" त्यानं विचारलं.

"अंधार हाय. मंग एक खिडकी हाय. टेबल हाय. बाई बसली हाय, त्या टोपीवाल्याचा सदरा शिवून राह्यली."

"बाई हाय तिथं?" महिपत थांबला. "शुक्रवारपासून दाखवून राह्यलो मी. मले वाटे, निस्ती रिकामी खोलीच हाय."

"तिच्यापाशी दिवा हाय. बारीक."

त्यानं कळीवर हात ठेवला. "सांग, कुठं थांबू."

"कमी करा. अजून. अजून थोडा." कांड्यांची घाई मंदावली. टेबल अंधारात गेलं, खिडकी गेली, बाईचा अर्धा चेहरा तेवढा उरला आणि तिच्या सुईचं टोक. खाली कोणी ओरडत नव्हतं.

"बस," बयनाबाई म्हणाली. "इथंच राहू द्या."