बॅटरीमावशींचं मत

“वहिनी, बॅटरीमावशींच्या डोळ्यांकडे जरा लक्ष दे गं,” नणंद चपला घालता घालता म्हणाली. “मघाशी जिन्यात त्यांनी मला तू समजून हाक मारली. आणि शेवटची पायरी चुकल्या. कठडा होता म्हणून बरं.”

गुंडीची आई तेव्हा उकळत्या पाण्यातून दुधाच्या बाटलीचं बूच चिमट्यानं बाहेर काढत होती. ती हसली. “अगं, त्यांचा जन्म गेला अंधारात पायऱ्या चढण्यात. त्या कशाला पडतायत? पडलो तर आपण पडू!”

नणंद गेली. बूच निथळलं. विषय तिथंच संपला.

मित्रांनो, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. तुम्ही म्हणाल, तिवईला कुठले कान? भिंतींना कान असतात हे तुम्हाला चालतं, मग तिवईनंच काय घोडं मारलंय? ज्या वस्तूवर बसून माणसं वर्षानुवर्षं बोलतात, तिला आपोआप कान फुटतात. आणि माझ्यावर बसून जेवढं सिनेमावर बोललं गेलं, तेवढं क्वचितच कुठल्या लाकडावर बोललं गेलं असेल.

माझा जन्म एका सिनेमागृहातला. बाल्कनीतल्या जुन्या खुर्च्या काढून नव्या बसवत होते. सुताराला मोडक्या खुर्च्यांचं लाकूड जाळवेना. त्यानं तीन खुर्च्यांचे तीन हात घेतले, खाली उभे ठोकले, वर दाराच्या फळीतून कापलेली गोल बैठक बसवली आणि झाले मी. म्हणजे माझे पाय हे मूळचे हात आहेत. कितीतरी लोकांनी भीतीच्या प्रसंगी मला घट्ट धरलं असेल! मला चौथा पाय नाही, पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. बाल्कनीतली जमीन उतरती होती. तिथं चार पायांचं स्टूल डगमगायचं, मी मात्र ठाम उभी.

मला बाल्कनीच्या दाराशी ठेवलं आणि माझ्यावर बॅटरीमावशी बसू लागल्या. तेव्हा त्या कोणाच्याच मावशी नव्हत्या, चांगल्या तरुण होत्या. तिकीट फाडायचं, बॅटरीचा उजेड प्रेक्षकाच्या पायापुढे टाकायचा आणि त्याला त्याच्या जागेवर नेऊन बसवायचं, हे त्यांचं काम. उजेड त्यांनी कधी कोणाच्या तोंडावर मारला नाही. उशिरा आलेल्या म्हाताऱ्यांचा त्या हातही धरायच्या, पण असा, की म्हाताऱ्याला वाटावं, आपणच त्यांना आधार देतोय.

सगळे बसले की त्या माझ्यावर येऊन टेकायच्या आणि सिनेमा बघायच्या. एकच सिनेमा रोज, तोही तुकड्यातुकड्यांनी. त्यामुळं बाकीच्यांच्या नजरेतून निसटलेलं नेमकं त्यांना दिसायचं. मध्यंतरात लोक दारापाशी घुटमळायचे.

“बाई, पुढं बरा आहे का हो?”

“घरी दूध उतू जातंय का?”

“नाही.”

“मग बसा. घाई असेल त्यानंच जावं, असा आहे.”

त्या कधी शेवट फोडायच्या नाहीत. कथाही सांगायच्या नाहीत. एखादीच गोष्ट सांगायच्या, पण अशी, की ऐकणारा पुन्हा तिकीट काढायचा. एकदा म्हणाल्या, “बाप गेल्यावर तो मुलगा दारातली त्याची चप्पल पायानं नाही सरकवत, वाकून हातानं उचलतो. अडीच तासांचा सिनेमा आहे, पण मला विचाराल तर सगळा त्या चपलेत आहे.” आणि आवडलं नाही तर? “बाई चार दिवस जंगलात हरवलीये आणि नखांचा रंग कसा, आत्ताच लावलेला! जंगलात पार्लर होतं वाटतं.”

मित्रांनो, मी त्यांच्यावर जीव टाकत असे. तिवईला जेवढा टाकता येतो तेवढा.

मग काळ पालटला. आमच्या मोठ्या पडद्याचे चार लहान पडदे झाले. पायऱ्यांच्या कडेला दिवे आले, ते आपोआप रस्ता दाखवू लागले. बॅटरीची गरज संपली. मला एका खोलीत टाकलं, गुंडाळलेल्या जाहिरातींच्या ढिगाखाली. तिथं मला कोणी विचारत नव्हतं, फक्त वाळवी विचारपूस करून गेली. निरोपाच्या दिवशी मॅनेजर मावशींना म्हणाले, “काय हवं ते मागा.” त्यांनी मला मागितलं. मॅनेजर म्हणाले, “अहो, मी घड्याळ द्यायचं म्हणत होतो!” मावशी म्हणाल्या, “वेळ बघून मी आता कुठं जाणार? बसायला मात्र लागेल.” त्यांनी मला काखेत मारलं आणि घरी आणलं.

घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. खालच्याच मजल्यावर गुंडीची आई राहायची. गुंडी म्हणजे तिची दीड वर्षाची मुलगी. शर्टाच्या गुंडीसारखी वाटोळी, आणि हातातून निसटली की कोचाखालीच सापडायची. आईला घरी बसून कॉम्प्युटरवर काम असायचं. दुपारी तेवढा वेळ मावशी खाली येऊन गुंडीला सांभाळायच्या. येताना मला घेऊन यायच्या. रोजचं ओझं नको म्हणून पुढं मी खालीच, स्वयंपाकघराच्या दारात, मुक्कामाला राहिले.

त्या आईबद्दल काय सांगू! तिच्याइतकी दक्ष बाई मी पाहिली नाही. विजेच्या प्रत्येक भोकात बूच. कपाटांना नाड्या. ताप आहे का हे ती आधी हातानं, मग गालानं, मग थर्मामीटरनं बघणार आणि तरी नवऱ्याला विचारणार, “तुम्हाला कसा लागतो?” माझ्या तिन्ही पायांत तिनं जुने मोजे चढवले, पोरीला लागू नये म्हणून. मला आधी हसू आलं. पण आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या पायांत काही घालत होतं. 

गुंडी झाल्यापासून ती थिएटरात गेली नव्हती. म्हणून शुक्रवार हा तिचा मोठा दिवस. जुन्या ओळखीवर मावशींना पहिला खेळ बघायला मिळायचा. तो बघून त्या यायच्या, माझ्यावर बसायच्या, गुंडीला मांडीवर घ्यायच्या. आई मटार सोलत नाहीतर कपड्यांच्या घड्या घालत ऐकायची. समोरचे पेन्शनर काकाही वाटी घेऊन साखर मागायच्या निमित्तानं यायचे आणि साखर विसरून तासभर उभे राहायचे.

“मीपण पाहिला तो, मोबाइलवर,” काका एकदा म्हणाले. “अगदीच संथ.”

“काका, तुम्ही सिनेमा नाही पाहिलात. सिनेमानं तुम्हाला झोपलेलं पाहिलं.”

आई इतकी हसली की मटार पार कोचाखाली गेले. गुंडीच्या हद्दीत.

पण गेल्या काही महिन्यांत मावशींची मतं बदलली. आधी मला वाटलं, वयानं माणूस मऊ होतं. दर शुक्रवारी एकच. “छान होता.” गाणी छान. त्या मुलाचा आवाज छान. शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे छानच असणार. चप्पल नाही, नखं नाहीत, काही नाही. काका खूश झाले. म्हणाले, “मावशी सुधारल्या!” आईलाही बरं वाटलं. नणंदेनं सांगितलं ते याच दिवसांत. गुंडीच्या अंगावरचा डासाचा फोड दिवेलागणीच्या उजेडातही हेरणारी ही बाई; तिचे डोळे गुंडीवर असायचे, आणि गुंडीला धरलेल्या हातांवर कोणाचेच नव्हते.

मग एका शुक्रवारी नवऱ्यानं सुट्टी काढली. म्हणाला, “जा, तू सिनेमा बघून ये. गुंडीला मी बघतो. फोन करू नकोस.” ती गेली. आत शिरेपर्यंत तीनदा फोन केला म्हणे. पण परत आली ती उडतच आली. मावशीही तोच सिनेमा सकाळी बघून आल्या होत्या आणि माझ्यावर बसल्या होत्या, गुंडी मांडीवर. नवरा सुटलेल्या कैद्यासारखा खाली भाजी आणायला पळाला.

“मावशी!” पिशवी टेकवायच्या आधीच तिनं सुरुवात केली. “त्या चादरींचा प्रसंग! अहो, दोघी सख्ख्या बहिणी, इतकी वर्षं बोलत नाहीत. दोरीवरच्या चादरी काढतात. एक टोक हिच्याकडे, एक तिच्याकडे. एक घडी, एक पाऊल जवळ. दुसरी घडी, आणखी जवळ. शब्द नाही, संगीत नाही. शेवटच्या घडीला बोटं लागतात बोटांना! मला तर रडूच आवरेना. तुम्हाला काय वाटलं?”

मावशी म्हणाल्या, “छान होता गं. फक्त मध्ये तो घोटाळा झाला ना.”

“कसला घोटाळा?”

“आवाज गेला होता की बराच वेळ. मशीन बिघडलं. आमच्या वेळी असं झालं असतं तर लोकांनी खुर्च्या मोडल्या असत्या. आता बिचारे गप्प बसून राहिले. शेवटी मीच उठून दारावरच्या माणसाला सांगून आले, आवाज गेलाय म्हणून. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला.”

आई हसायला लागली. मग तिचं हसू अर्ध्यातच थांबलं.

मित्रांनो, माझ्यावर मावशी आणि मांडीवरची गुंडी अशा दोघींचा भार होता. मावशींचं अंग एकदम ताठ झालेलं मला कळलं. पडद्यावर दोन बहिणी एकेक पाऊल जवळ येत होत्या, सगळं थिएटर श्वास रोखून बसलं होतं, आणि माझ्या मावशींपुढे नुसतं धुकं होतं.

मग मावशीच हळू आवाजात म्हणाल्या, “कळलं ना तुला?”

“कधीपासून, मावशी?”

“डावा बरेच दिवस झाले. उजवा आत्ता आत्ता. माणसांचे आकार दिसतात. तुझी चाहूल ओळखते, गुंडीची तर वासावरून.” त्यांनी गुंडीच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. “सांगितलं असतं तर पोर माझ्याकडे दिली नसतीस. आणि बरोबरच आहे तुझं. घे तिला.”

आईचे हात पुढे आले. मी पाहिलं ते. कुठल्याही आईचे आले असते. हिचे तर येणारच. जिन्याच्या पायऱ्या, उकळतं पाणी, एवढ्या महिन्यांत काय काय होऊ शकलं असतं, ते सगळं तिच्या तोंडावरून सरकत गेलं. तिनं गुंडीला उचललं तर तिचं चुकत नव्हतं. पण मावशी पुन्हा माझ्यावर बसल्या नसत्या, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तिचे हात गुंडीपर्यंत गेले आणि गुंडीसकट मावशींच्या हातांवर थांबले. ती तशीच माझ्याशेजारी खाली जमिनीवर बसली.

“गुंडी तुमच्याकडेच राहील,” ती म्हणाली. “मी समोर असताना. आणि उद्या सकाळी आपण तिघी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.”

“डॉक्टर काय सांगणार ते मला माहीत आहे. सिनेमा बंद करा म्हणणार.”

“म्हणू देत. मी त्यांच्याशी भांडेन. भांडायला येतं मला, विचारा ह्यांना.”

“जन्मभर लोकांना हाताला धरून बसवलं गं मी. आता मला कोणी धरून बसवायचं?”

“मी बसवते. आणि असं धरीन, की तुम्हाला वाटेल, तुम्हीच मला आधार देताय.”

हे तिला कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही. काही माणसांना ते आतूनच येतं. मावशी रडल्या, मग गुंडी रडली, मग भाजी घेऊन आलेला नवरा दारातच म्हणाला, “मी काय केलं?”

दुसऱ्या दिवशी मी घरीच होते, दारात, रिकामी. त्या परत आल्या तेव्हा बोलण्यातून कळलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तो काढता येणार होता. पण त्याच्यामागं काचबिंदू दबा धरून बसला होता. डाव्या डोळ्याची बरीच नजर त्यानं खाल्ली होती, ती परत येणार नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, गेलेलं आणता येत नाही, राहिलेलं राखता येतं; थोडे आधी आला असतात तर जास्त राखलं असतं. हे सांगताना आई खिडकीकडे तोंड करून उभी होती.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. थेंब घालायचं काम अर्थातच आईकडे. एवढी काटेकोर नर्स दवाखान्यातही नसेल. काही आठवड्यांनी दोघी तोच सिनेमा बघायला गेल्या; सगळ्यांत लहान पडद्यावर तो अजून तग धरून होता. संध्याकाळी मावशी माझ्यावर टेकल्या. आई गुडघे जवळ घेऊन समोर बसली. काका साखरेची वाटी घेऊन हजर.

“चादरीच्या घड्या घालायला कोणी शिकवलंच नाही त्या बायांना,” मावशी म्हणाल्या. “एक कोपरा कोपऱ्याला लागेल तर शपथ.”

काका म्हणाले, “आल्या, मूळपदावर आल्या!”

“थांबा हो. मुद्दामच केलंय ते. इतकी वर्षं न बोललेल्या माणसांचे कोपरे कुठून जुळायला? तरी घालताहेत बिचाऱ्या घडी. ते आवडलं मला.”

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. “मी दोनदा पाहिला,” ती म्हणाली, “आणि मला नाही दिसलं हे.”

मित्रांनो, मी लाकडाची आहे. मला उठून कोणाचं दार वाजवता येत नाही. नाहीतर त्या पहिल्या “छान होता”लाच मी स्वयंपाकघराच्या दारातून हाका मारत धावले असते. तुम्हाला पाय आहेत. तुमच्याही वर, खाली, समोर कोणीतरी राहत असेल. ज्यांचं सगळं ठीक चाललंय असं तुम्ही धरून चालला आहात, कारण ते स्वतःच तसं सांगतात. आज त्यांच्याकडे जा. तब्येत विचारू नका, तिला ठरलेलं उत्तर असतं. हल्ली कुठला सिनेमा पाहिला ते विचारा. आणि “छान होता” एवढंच म्हणाले, तर लगेच उठू नका. जवळ सरकून बसा आणि विचारा, “त्यात तुम्हाला काय दिसलं?”