यादीतलं बारावं नाव

ऑफिसात तिला मुंगी म्हणत. कोडची एकेक ओळ ती बोट लावून वाचायची, म्हणून मालकांनी पहिल्याच महिन्यात हे नाव ठेवलं, आणि तिलाही ते आवडलं होतं. ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली पंक्चर काढणाऱ्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला की वर टेबलावरचे पेन थरथरायचे.

त्यांच्या गिऱ्हाइकांत एक संस्था होती. घरच्या मारहाणीतून जीव वाचवून बाहेर पडलेल्या बायकांना ही संस्था चार घरांमध्ये लपवून ठेवायची. कोणती बाई कोणत्या घरात, बरोबर मुलं किती, ती कुठल्या शाळेत, औषधं कोणती, समुपदेशक बाईंनी काय टिपून ठेवलंय, हे सगळं एका ॲडमिन पॅनलमध्ये असायचं. ते वापरणाऱ्या अकरा जणी, आणि अकराही जणींना पासवर्ड विसरायची खोड.

"अगं, एका घरात तर पासवर्ड फ्रिजवर चिकटवलाय," संस्थेच्या ताई फोनवर म्हणाल्या होत्या. "बाकी सगळीकडे ते बटण असतं ना, आपल्या ईमेलच्या खात्यानं थेट आत जायचं, तसं आम्हाला करून दे बाई. माझं डोकं उठलंय."

मुंगीने दोन दिवसांत करून दिलं. अशा बटणाचा, म्हणजे सोशल लॉगिनचा, तयार कोड मिळतोच, तो जोडायचा आणि चार ओळी आपल्या लिहायच्या. स्वतःच्या खात्याने आत जाऊन पाहिलं, ताईंच्या खात्याने पाहिलं, आणि सोमवारी सकाळी दहाला बटण सुरू केलं. दुपारपर्यंत तीन फोन आले, तिन्ही कौतुकाचे.

जेवण झाल्यावर तिने सहज खात्यांची यादी उघडली. सगळ्या जणी आत आल्या का, एवढंच पाहायचं होतं. तिचं स्वतःचं सोडून यादीत बारा नावं होती.

तिने परत मोजली. बाराच. बारावं नाव पुरुषाचं होतं, आणि नावाशेजारच्या गोल चित्रात दोन वेण्या घातलेली, पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी हसत होती. पहिला प्रवेश एक वाजून बारा मिनिटांनी. आता एक अडतीस झाले होते.

आधी तिने ते खातं बंद केलं, मग बटणच काढून टाकलं. घाईत स्वतःचा पासवर्ड तिने दोनदा चुकीचा टाकला. मग कोड वाचला, आणि काय घडलं ते लख्ख दिसलं. तयार कोडमध्ये एक सोय होती: येणाऱ्याचं खातं नसेल तर त्याला नवं उघडून द्यायचं. जुन्या पॅनलमध्ये मात्र खाती फक्त ताईच उघडत, त्यामुळे ज्याचं खातं आहे तो आपलाच, असं धरून त्याला सगळं दाखवलं जाई. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर होत्या. त्यांची गाठ मुंगीने घालून दिली होती. संस्थेच्या वेबसाइटवर तळाशी 'कर्मचाऱ्यांसाठी' अशी बारीक अक्षरं होती. तिथून कुणीही येऊन बटण दाबू शकत होतं. परका माणूस होऊन ते दाबून पाहायचं तिला सुचलंच नव्हतं.

तिने त्याच्या हालचालींची नोंद उघडली. आधी त्याने एका बाईचं नाव शोधलं होतं. काहीच सापडलं नव्हतं, कारण पॅनलमध्ये बायका-मुलांची खरी नावं नसत. मग त्याने सहा वर्षांच्या मुली शोधल्या. दोन निघाल्या. पहिली नोंद उघडून लगेच मिटली. दुसरीवर तो थांबला. समुपदेशक बाईंच्या टिपणांच्या पानावर चार मिनिटं, शाळेच्या पानावर एक. एक सव्वीसला बाहेर.

"सर," ती म्हणाली, आणि मालक उठून तिच्या खुर्चीमागे आले. तिने दाखवलं. मालकांनी नोंद वर सरकवून पुन्हा वाचली आणि म्हणाले, "आधी खात्री कर. उगाच बोंब नको. संस्थेनं कुणी नवा माणूस घेतला असेल."

"नवा माणूस पहिल्या दिवशी सहा वर्षांच्या मुली शोधेल का, सर?"

"बरं, मी संध्याकाळी ताईंना नीट शब्दांत सांगतो. तू काही बोलू नकोस."

खरं सांगायचं तर क्षणभर तिला ते हवंसंच वाटलं. संध्याकाळ. नीट शब्द. दुसऱ्या कुणीतरी सांगितलेलं. मग तिने फोन उचलला आणि मालकांच्या देखत ताईंना लावला.

"बोल पटकन, कोर्टात आहे."

"ताई, पॅनलमध्ये एक माणूस शिरला. माझ्या चुकीमुळे. आता बंद केलंय."

पलीकडे कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं. ताईंचा आवाज अगदी खाली आला. "कोणाची नोंद पाहिली?"

"तीन नंबरचं घर. मुलगी सहा वर्षांची."

"शाळेचं नाव दिसलं त्याला?"

"हो."

"दोनला सुटते ती शाळा. आई शिवणाच्या कारखान्यात असते, तिथं फोन आत नेऊ देत नाहीत. मला पोचायला पाऊण तास लागेल. तू कुठं आहेस?"

"ऑफिसात. शाळा इथून दहा मिनिटांवर आहे."

"मग पळ. पोलिसांना मी सांगते. पोरीला बाहेर येऊ देऊ नकोस. आणि ऐक, त्याच्याशी भांडायचं नाही. कुणाचं नाव तोंडातून काढायचं नाही. तुझं काय ते नंतर बघू."

मुंगी जीव मुठीत धरून पळाली. चप्पल सारखी निसटत होती. वाटेत तिच्या लक्षात आलं की त्या माणसाचा चेहरा तिला माहीतच नाही. त्याने फोटो लावला होता तो मुलीचा. पानाच्या टपरीवर उभा असलेला, दुचाकीला किक मारणारा, समोरून फोनवर बोलत येणारा, प्रत्येक जण तोच असू शकत होता.

शाळेच्या फाटकाशी पालकांची गर्दी जमली होती. ती वाट काढत कार्यालयात घुसली. खिडकीपाशी चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या कारकून बाई बसल्या होत्या. शेजारचा फोन घणघणत होता आणि त्या शांतपणे पावत्या लावत होत्या.

मुंगीने शाळेच्या पानावर पाहिलेलं मुलीचं नाव सांगितलं. "तिला आज बाहेर सोडू नका."

"तुम्ही कोण तिच्या?"

"मी... कुणी नाही."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आज या पोरीला फारच पाहुणे. आत्ताच एक जण येऊन गेले, म्हणे बाबा. कार्डावर फक्त आईचं नाव. म्हटलं, गेटवर थांबा, आई आल्याशिवाय देव आला तरी पोरगी मिळायची नाही. आणि तेच तुम्हालाही."

"मला नकोच आहे ती. फक्त त्यांना देऊ नका. आणि आई येईल ना आता, ती गेटवर..." तिला धाप लागली. दोनला पाच मिनिटं होती.

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग हातातल्या पावत्या खाली ठेवल्या. "आई पुढच्या गेटानं कधीच येत नाही. पाण्याच्या टाकीमागं छोटं दार आहे, तिथून नेते. प्रवेश घेतला त्याच दिवशी विचारून ठेवलं होतं तिनं." त्यांनी शिपायाला हाक मारली, पोरगी आणि मागच्या दारानं येणारी आई, दोघींना स्वयंपाकघरात बसवून आतून कडी घालायला सांगितली, आणि मग घणघणणारा फोन उचलला. तो ताईंचाच होता.

"तो वळसा घालून त्या मागच्या दाराशी गेला तर?" मुंगीने विचारलं.

"मग तुम्ही गेटवर उभ्या राहा आणि बघा."

ती गेली. तो ओळखू आला, कारण बाकी सगळे एकमेकांशी बोलत होते आणि हा एकटाच आतल्या दारांकडे बघत होता. इस्त्रीचा शर्ट, भांग नीट पाडलेला, हातात रंगीत पेन्सिलींचा नवा डबा. ती तीन हातांवर उभी राहिली. त्याने मान वळवली आणि हसला.

"तुमचं कितवीत आहे, मॅडम?"

"पहिलीत." खोटं तोंडातून आपोआप निघालं.

"अरे वा, माझीही." त्याने फोन पुढे केला. त्याच दोन वेण्या, तेच पडलेले दात. "किती दिवसांनी भेटणार आहे. आई तिची जरा आजारी असते. रात्रभर झोप नाही. अर्धी गोळी चालत नाही, आता पूर्ण घ्यावी लागते." त्याने हळहळत जीभ टाळ्याला लावून च्च केलं. "माणसानं काळजी तरी किती करायची!"

अर्धीची पूर्ण झाली ही टिपणांतली नोंद गेल्या आठवड्यातली होती, मुंगीने मघाशीच ती पाहिली होती. त्याने ती अर्ध्या तासापूर्वी वाचली होती आणि आता नवऱ्याच्या मायेने सांगत होता. मुंगीला पळून जावं असं इतकं वाटलं की तिने फाटकाचा गज धरून ठेवला. घंटा झाली. पोरं लोंढ्यासारखी बाहेर आली, पालकांच्या हातांना लागली, पांगली. तो टाचा उंचावून एकेक चेहरा बघत होता. गर्दी विरळ झाली तसं त्याचं हसू विरळ होत गेलं.

"मॅडम," तो न वळता म्हणाला, "तुमचंही आलं नाही अजून."

तो तिच्याकडे वळला आणि या वेळी पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. एक पाऊल पुढे आला. तेवढ्यात पोलिसांची गाडी वळणावर दिसली.

त्याने आवाज चढवला नाही, हातपाय झाडले नाहीत. "काहीतरी गैरसमज झालाय साहेब," एवढंच म्हणत राहिला. त्याने मायलेकींच्या जवळ फिरकू नये असा कोर्टाचा हुकूम होता, म्हणून त्याला गाडीत बसवलं. बसताना त्याने काचेतून मुंगीकडे बघितलं, चेहरा पाठ करून ठेवावा तसं.

ताई आल्या तेव्हा मुंगी फाटकाच्या पायरीवर बसून होती. ताई रागावल्या नाहीत. "तो दोन दिवसांत सुटेल," त्या म्हणाल्या. "मायलेकी आज संध्याकाळीच दुसऱ्या गावी जातील. चल आत. पोरीच्या आईला तुला काही विचारायचंय."

स्वयंपाकघरात मोठमोठ्या पातेल्यांमागे ती बाई बसली होती, मांडीवर मुलगी. मुलीचे केस आता बारीक कापलेले होते. फोटोवरून मुंगीने तिला ओळखलंच नसतं. बाईच्या बाहीला अजून शिवणाचे धागे चिकटलेले होते.

मुंगीने माफी मागायला तोंड उघडलं. बाईने हात वर केला.

"ते राहू द्या. त्याला आता काय काय माहीत आहे, तेवढं सांगा. सगळं सांगा."

मुलीला शिपायाबरोबर वर्गात पाठवलं. मग मुंगीने एकेक सांगितलं. तीन नंबरच्या घराचा पत्ता. शाळा, वर्ग, तुकडी. शिवणाचा कारखाना. गोळ्या. प्रत्येक शब्दाला बाई मान हलवत होती, बाजाराची यादी तपासावी तशी. पत्ता बदलता येईल. शाळा बदलता येईल. कारखाना, तोही जाईल, जाऊ दे.

"आणि समुपदेशक बाईंची टिपणं," मुंगी म्हणाली.

मान हलायची थांबली. "ती वाचली?"

"चार मिनिटं होता त्या पानावर."

बाईने बाहीवरचा एक धागा ओढून काढला. "त्याच्यासमोर मी एकदाही रडले नव्हते," ती म्हणाली. "सात वर्षांत एकदाही नाही. त्याला वाटायचं, हिला काही होतच नाही. तेवढंच माझ्याजवळ होतं."

ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मुंगी तशीच उभी होती. तिला निघून जायची हिंमत होईना.

थोड्या वेळाने बाई उठली, पदराने तोंड पुसलं आणि मुलीचं दप्तर कुठे आहे ते शिपायाला विचारायला बाहेर गेली. टाकीमागच्या दाराशी संस्थेची गाडी लागली होती.