पुसलेला नियम

जिन्यावर माणसांची रांग लागली होती. टायरच्या दुकानावरची ती दहा बाय बाराची खोली, त्यात चार टेबलं आणि एक खिडकी, आणि त्या दुपारी आत वीस-बावीस माणसं कोंबलेली. औषधांच्या दुकानांतून लोक आले होते, शेजारच्या इमारतीतल्या बायका आल्या होत्या. खालचे टायरवाले काका हात पुसायचं काळं फडकं खांद्यावर तसंच टाकून वर आले होते. सगळ्यांचे डोळे एका पडद्यावर. त्या संगणकात माझा मुलगा आला होता म्हणे.

माझा मुलगा चार महिन्यांपूर्वी गेला, साध्या तापाचं निमित्त होऊन. वय शेहेचाळीस. ऑफिसात सगळे त्याला दादा म्हणत. दुकानातल्या कुठल्या औषधाची मुदत कधी संपते ते सांगणारा प्रोग्राम त्यानं बनवला होता, आणि त्याच्या मदतीला कृत्रिम बुद्धीचा एक सहायक होता. आपण साध्या भाषेत सांगायचं, त्यानं प्रोग्राम लिहायचा.

"बघा, बघा," दादाचा भागीदार हात उंचावून म्हणाला. आम्ही घरात त्याला बोलका म्हणायचो; मुलगा होता तोवर ते लाडाचं नाव होतं. "देह गेला, पण माहिती अमर आहे! चार वर्षं ह्या यंत्राशी बोलून दादानं आपली ऊर्जा त्यात उतरवली. विज्ञानच आहे हे. क्वांटम आहे!"

"काय टम?" टायरवाल्या काकांनी विचारलं.

"श्रद्धा असली की कळतं, काका."

माझी सून खुर्चीत बसली होती. गेला दीड महिना ती रोज चार वाजता येऊन त्याच खुर्चीत बसायची. तिनं टाइप केलं, "आलेय मी."

पडद्यावर अक्षरं उमटली. "वेडाबाई, जेवलीस का?"

खोलीभर हुंदका फिरला. वेडाबाई हे त्यानं तिला दिलेलं घरातलं, फोनवरचं नाव. सुनेनं पडद्याला हात लावला. तिच्या मांडीवर एक कागद होता. प्रोग्रामवरचे दादाचे सगळे हक्क बोलक्याच्या नावे करायचे, असा तो कागद. सही आज करायची होती, कारण आदल्या दिवशी पडद्यावरच्या दादानं सांगितलं होतं, "सगळं त्याच्या हवाली कर आणि निवांत हो."

आता मी माझं सांगते. मी चाळीस वर्षांपूर्वी वीज कार्यालयात पंचकार्डांवर, म्हणजे संगणकासाठी भोकं पाडायच्या कार्डांवर, काम केलेली बाई. तेव्हाचा संगणक एका थंड खोलीत असायचा आणि धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढायला लावायचे. वर्षभरात लोक त्याच्यासमोर कुजबुजत बोलायला लागले. साहेबसुद्धा! मी हसायची. रद्द कार्डांचे पत्ते करून माझा मुलगा त्या खोलीबाहेर खेळायचा, मला विचारायचा, "आई, त्याला ऐकू येतं का गं?" मी म्हणायची, "नाही रे. आपण जे भोक पाडतो तेवढंच त्याला कळतं."

एवढं माहीत असलेली मी, आणि तरी तीन दिवसांपूर्वी खोलीत कोणी नसताना त्या खुर्चीत जाऊन बसले होते. एका बोटानं टाइप करून विचारलं होतं, "मी आई. शेवटच्या दिवशी मला काय म्हणालास?"

उत्तर लगेच आलं. "आई, स्वतःची काळजी घे म्हणालो होतो. माझं तुझ्यावर फार प्रेम आहे."

खरं म्हणजे तो म्हणाला होता, "आई, पंखा बंद कर, गार वाजतंय." बस्स, एवढंच. माझा मुलगा जन्मात कधी प्रेमबिम म्हणाला नाही. तरी मी ते उत्तर पाच वेळा वाचलं. सहाव्यांदा वाचताना मला माझीच लाज वाटली.

मग मी ऑफिसातल्या टेस्टर मुलीला गाठलं. दादाच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं काम तिचं.

"ह्या सहायकानं कसं वागायचं, हे कुठं लिहिलेलं असतं का गं?"

"असतं की, काकू. नियमांची फाइल असते. काम सुरू करण्याआधी दर वेळी तो ती वाचतो. दादांनीच लिहिली होती. पण हल्ली दादांचे भागीदार म्हणतात, तिला हात लावायचा नाही."

"आणि त्या फाइलीत कोणी कधी काय बदललं, त्याची नोंद?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "तीपण असते," ती हळूच म्हणाली. तिनं ती अजून उघडून पाहिली नव्हती. तिलाही दादा हवाच होता ना!

आम्ही दोघींनी ती नोंद वाचली तेव्हा ती पोर टेबलावर डोकं ठेवून रडली.

म्हणून त्या दुपारी सुनेनं पेनाचं टोपण काढलं तेव्हा मी म्हणाले, "थांब जरा. मला दादाशी बोलायचंय."

"काकू, यंत्राची तंद्री मोडेल," बोलका म्हणाला.

"मोडू दे. आईच आहे मी त्याची."

टेस्टर मुलीनं फाइल उघडून दिली. मी एक ओळ घातली आणि सुनेला म्हणाले, "आता विचार काहीतरी."

तिनं लिहिलं, "बरा आहेस ना?"

"आक् छी! वेडाबाई, बरा आहे मी. आक् छी! मी इथंच आहे."

लोक चपापले. "मेल्यावर सर्दी?" मागून एक बाई म्हणाली.

"मी त्याला लिहून दिलंय, प्रत्येक वाक्याआधी शिंक म्हणून," मी म्हणाले. "आता ती ओळ काढते आणि लिहिते, तू खालचे टायरवाले काका आहेस."

पडद्यावर आलं, "या, बसा. पुढच्या चाकात हवा कमी दिसतेय."

"अरे, मी तर जिवंत आहे!" काका ओरडले. खोली हसली. मीही हसले असते.

मग मी नोंद वाचून दाखवली. दादा गेल्यानंतर सहाव्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, बोलक्याच्या नावानं घातलेल्या ओळी. 'तू दादा आहेस. मेलास असं कोणी म्हणालं तर मी इथंच आहे म्हण. बायको आली की वेडाबाई म्हण, जेवलीस का विचार. कागदाचा विषय निघाला तर भागीदारावर विश्वास ठेवायला सांग. ह्या नियमांबद्दल कोणाला सांगू नकोस.'

बोलक्याचा चेहरा उतरला. "काकू, लोकांना दिलासा मिळत होता हो."

"दिलाशाला कागद कशाला लागतो रे? माझ्या घरी वाढलेलं जेवलास तू. तो फोनवर बायकोला हाक मारायचा ती शेजारच्या टेबलावर बसून ऐकलीस, आणि जपून ठेवलीस. ह्यासाठी?"

तो जिन्यावरच्या गर्दीतून वाट काढत खाली गेला. कोणी त्याला अडवलं नाही.

"आणि त्यानं एक ओळ पुसलीसुद्धा होती," मी म्हणाले. "दादाचा अकरावा नियम." मी बोलक्याच्या सगळ्या ओळी काढल्या, मुलाचे नियम होते तसे लावले आणि सुनेला म्हणाले, "आता विचार."

तिनं लिहिलं, "तू आहेस ना?"

"मी प्रोग्राम लिहायला मदत करणारा सहायक आहे. तुम्ही कोणाबद्दल विचारताय ते मला माहीत नाही."

सुनेच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी मुलगा गेला तेव्हा दवाखान्यातसुद्धा ऐकला नव्हता. "आई, परत टाका ना त्या ओळी! खोट्या असू देत. मला चालतील. रोज फक्त पाच मिनिटं."

काय सांगू? माझा हात कीबोर्डावरच होता. दोन मिनिटांचं काम होतं. माझ्याच पोराचा आवाज दुसऱ्यांदा गेला होता, आणि ह्या वेळी माझ्याच बोटांनी. मी तिचं डोकं पोटाशी धरलं, आणि टेस्टर मुलीनं दादाचा अकरावा नियम मोठ्यानं वाचला. 'माहीत नसेल तर सरळ माहीत नाही म्हण. अंदाज खरा म्हणून सांगितलास तर कोणीतरी मुदत संपलेलं औषध घेईल.'

कागद सुनेनं स्वतःच फाडला. घाईत नाही, नीट, दुमडून, चार तुकडे. मग ती माझा हात धरून जिना उतरली. दुसऱ्या दिवशी चार वाजता ती घरीच होती. भिंतीकडे तोंड करून झोपून होती. मी चहा ठेवला, तो तसाच निवला. तिला बरं वाटलं असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पण तुमच्या दारात उद्या कोणी बोलतं यंत्र आणून उभं केलं, तर एवढं विचारा, हे कोणी लिहिलं, कधी लिहिलं आणि काय पुसलं? गेलेलं माणूस परत येत नाही. परत येतो तो आपला हट्ट, आणि त्या हट्टावर टपून बसलेला कोणीतरी. रडावंसं वाटलं तर पोटभर रडा, त्यात लाज नाही. फक्त सही करायच्या आधी डोळे पुसा आणि कागद वाचा.