न मळलेली तोंडपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी तोंडपट्टी आहे. नाकातोंडावर बांधायची, चार पदरी, दोन नाड्यांची. अकोल्याकडच्या एका कापडगिरणीत डाग पडलेल्या ताग्यातून मला फाडलं.

सन सत्तावनात फ्लूची साथ आली. माणसं कामावरच तापानं कोसळू लागली. तपासणीला सरकारी साहेब येणार असं कळलं, तेव्हा कुठे मालकाला कामगारांची माया आली. माणशी एक पट्टी वाटली. मी पंचफुलाच्या वाट्याला आले. ती कचराखात्यात कापूस झाडायची. तिथं हवा कमी आणि धुरळा जास्त.

"बैलानं कणसाले तोंड लावू नये म्हून मुसकं बांधते," शेजारची केशरबाई म्हणाली. "आपल्याले कावून वो?"

"हासू नको माय. गिरणीनं पयल्यांदा आपल्याले काई देल्लं."

घरी तिनं मला रिठ्यानं धुतलं, नवऱ्याला, जानरावला, दाखवलं. आपण जगावं असं कोणाला तरी वाटतं, एवढ्यानंच ती सुखावली होती.

दुसऱ्या दिवशी खात्याचे जॉबर, म्हणजे मुकादम, वामनराव यांनी दम भरला, "सायेब कधीबी येईन. जिची पट्टी मळकी, तिची हजेरी नाई."

कचराखात्यात अर्ध्या तासात मी काळी झाले असते. म्हणून पंचफुला फाटकावर मला बांधायची, आत शिरताना सोडून कमरेला खोचायची. सगळ्याच बायका तसं करत. शेजारी कोणी तापानं फणफणत खोकायचं, आणि मी घडीत पांढरीशुभ्र.

आठव्या दिवशी साहेब आला. पंचफुलाचं अंग तव्यासारखं तापलेलं.

"घरी जाय ना वो," केशरबाई म्हणाली.

"आज नाई. आज सायेब पट्टी पाह्यते."

तिनं मला बांधलं. साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "वा, किती स्वच्छ ठेवली आहे." माझी स्तुती झाली ती तेवढीच.

त्यानंतर चौथ्या दिवशी पंचफुला गेली. तिची राख निवायच्या आत गिरणीचा माणूस पट्टी मागायला दारात उभा. जानरावनं मला त्याच्या हातावर ठेवलं.

पुढे मी यंत्राचं तेल पुसलं. काळी झाले. कोणाची हजेरी गेली नाही.

मित्रांनो, अशा गोष्टी 'मला जपा' म्हणून संपतात. मी तसं म्हणणार नाही. मला जपता जपताच ती गेली. मला मळवा, फाडा, पण तोंडावरून सोडू नका. सांगते खरी, पण पुढची साथ येईल तेव्हाही साहेब पट्टीच बघून जाईल.