टोपलीतल्या पाहुण्या

मी एक जुनी बांबूची टोपली आहे आणि मित्रांनो, मी भयंकर संतापले आहे.

तळा गावच्या बुधाजीने मला विणलं. काशीद गावच्या रखमाने मला विकत घेतलं आणि अकरा वर्षं माझ्याखाली कोंबड्या झाकल्या. मांजर येवो की मुंगूस, मी एकीलाही धक्का लागू दिला नाही. रखमा चारचौघींत माझं कौतुक करायची आणि मी फुशारून जायचे.

या हिवाळ्यात काशीदला बर्ड फ्लू आला. कोंबड्या पटापट मरू लागल्या. चिकनची दुकानं बंद झाली, मटणाचे भाव कडाडले. परदेशी गिऱ्हाइकांनी आपल्या अख्ख्या जिल्ह्याची अंडी नाकारली आणि भरलेले कंटेनर बंदरातच अडकले.

त्यात रखमाची लेक प्रांजली भरडली गेली. तळा गावात, तिच्या सासरी, तिच्या चारशे कोंबड्या होत्या, सगळ्या ठणठणीत. त्यांची अंडी कमलेश नावाचा व्यापारी आखातात पाठवायचा. तो म्हणाला होता, "ताई, नवीन कुठं साथ निघाली नाय, तर महिन्याभरात परत माल उचलतो." प्रांजली एकेक दिवस ढकलत होती.

इकडे काशीदच्या उरलेल्या कोंबड्या दुसऱ्या दिवशी मारायचं ठरलं. आमच्याकडे खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायला लेकीकडे न्यायची जुनी रीत आहे. रखमाने तोच बहाणा केला. सात कोंबड्या माझ्यात कोंबल्या, वर लुगडं बांधलं आणि ती एसटीत चढली. कंडक्टरलाही त्यात वावगं वाटलं नाही. वाटेतच एकीने मान टाकली. मला सगळं कळत होतं, पण ओरडणार कशी?

प्रांजली बाजारातून परतली, तेव्हा उरलेल्या सहा जणी तिच्या कोंबड्यांत मिसळून पाणी पीत होत्या.

"आये, काशीदच्या कोंबड्या हितं आनल्यास? डोकं ठिकान्यावर हाय का तुजं?"

"अगो, चार दिस पाहुन्या म्हनून ऱ्हातील. त्यांना काय बी झालेलं न्हाय."

पाचव्या दिवशी मरतुक सुरू झाली. पांढऱ्या कपड्यांतली सरकारी माणसं आली आणि चारशेच्या चारशे संपवून गेली. कमलेशचा फोन आला, "ताई, आता पुन्हा पहिल्यापासून. जिल्ह्यातला माल कोण घेत नाय." म्हणजे काशीदचं खापर साऱ्या जिल्ह्यावर फुटलं. काही चूक नसलेल्या किती प्रांजली त्यात रडल्या असतील, कोण जाणे.

आता खुराडी जाळायला खड्डा पेटवलाय आणि रखमा मला उराशी धरून बसली आहे.

"हिला नका जालू. धुवून घेते मी. चांगली हाय अजून."

आयुष्यात कधी आईला उलट न बोललेली प्रांजली कडाडली, "तुज्या मायेनं माजं घर बुडवलं, आये! सोड ती टोपली!" तिने मला हिसकावून घेतलं.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं मी मुळीच म्हणणार नाही. घरात कोंबडी मेली की लपवू नका, त्याच दिवशी सांगा. जीव लावलेल्या कोंबडीसाठी दुसऱ्याचं अंगण नासवण्याला माया म्हणू नका. त्या मायेची मला चीड येते.

रखमा अजून हात पुढे करते आहे. प्रांजली, तिच्याकडे बघू नकोस. टाक मला.